नाशिकमधल्या मधमाश्यांवर पीएचडी करताना

"शहरात आहे तरी काय मोजायला?"

पीएचडीचा विषय घेऊन गेले तेव्हा गाइड मॅडमनी विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यात टिंगल नव्हती. परागीभवन करणाऱ्या कीटकांवर काम करायचं तर त्र्यंबकच्या डोंगरात जावं, नाहीतर सरळ शेतात, असाच आमच्याकडचा शिरस्ता. सातपूर, सिडको, इंदिरानगर, पंचवटी इथल्या माश्यांवर आयुष्यातली काही वर्षं घालवायची तर तसं कारण हवं. मॅडम म्हणाल्या, "आधी एक हंगाम नुसतं बघ. जाळं नको, बाटली नको. वही भरली तर विषयाचं बोलू."

पावसाळा सरत आला होता. सातपूरला आमच्या घरामागे एमआयडीसीच्या हद्दीत बरेच मोकळे प्लॉट होते. गणपती उठले की तिथे एकदांडी, टाकळा, आघाडा, गाजरगवत आणि सगळीकडे पसरलेला पिवळा कॉसमॉस असं रान माजतं. सकाळी नऊच्या सुमारास तिथे वही घेऊन उभी राहायचे. ओळखीच्या माश्या आधी दिसल्या. झुडपात एकच पोळं लटकवणारी छोटी फुलोरी, झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी, आणि दुपारकडे एखादी आग्या. पण नजर बसली तशा बाकीच्या दिसायला लागल्या. एकदांडीच्या फुलावर तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, काळपट, पुसट धातूसारखी चमक असलेली माशी. टाकळ्यावर पोटाखाली पिवळाधम्मक पराग माखलेली दुसरी. निळसर पट्ट्यांची तिसरी, जी फुलासमोर हवेत थबकते, सोंड आत घालते आणि तुम्ही पेन टेकवायच्या आत पुढच्या फुलावर गेलेली असते. वही भरली.

मधमाशी म्हटलं की आपल्याला मध आणि पोळं आठवतं. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून जास्त जाती नोंदल्या गेल्यात आणि त्यातल्या बहुतेक जाती मध साठवत नाहीत, पोळं बांधत नाहीत, त्यांना राणीही नसते. एकेक मादी स्वतःचं बीळ स्वतः करते, त्यात पराग आणि मधुरस कालवून गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, तोंड बंद करते आणि पुढच्या कप्प्याच्या कामाला लागते. आम्ही त्यांना एकांड्या माश्या म्हणतो. शहरातल्या परागीभवनाचा मोठा भार या एकांड्यांवर असतो आणि सोसायटीच्या बागेत रोज पाणी घालणाऱ्या माणसालाही त्या ठाऊक नसतात. मला या कामात ओढलं ते याच गोष्टीने, आणि अजूनही तेच ओढतं.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते, कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. प्राणिशास्त्रात एमएस्सी, मग सेट, मग नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या पात्रता परीक्षा. विद्यापीठाची पेट ही प्रवेश परीक्षा नेट झालेल्यांना द्यावी लागत नाही. आमच्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांमध्ये संशोधन केंद्रं आहेत, त्यामुळे नाशिकमध्ये राहूनही पीएचडी करता येते. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि पुढे सिनिअर झाल्यावर ४२,००० रुपये, असे दर आहेत. ऐकायला बरे वाटतात. पण पैसे वेळेवर येतील हे गृहीत धरून घराचा हप्ता घेऊ नये. माझी रक्कम महिनोन्महिने अडकायची, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरायचा, आणि पेट्रोल, सुया, बाटल्या यांचा खर्च मात्र रोजचा. त्या काळात तासिका तत्त्वावर शिकवण्याचे पैसे साठवलेले होते म्हणून निभावलं. ज्यांच्या घरी असा आधार नाही अशी हुशार मुलं याच टप्प्यावर गळतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते मला अजूनही सलतं.

सल्लागार समितीपुढची पहिली बैठक मला नीट आठवते. मी मांडणी केली होती: नाशिक शहरातील मधमाश्यांची विविधता. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यादी करशील. ठीक आहे. पण यादीतून तुला काय विचारायचंय?" माझ्याकडे तेव्हा अर्धं उत्तर होतं. उरलेलं अर्धं प्लॉटवर उभं राहून मिळालं, त्याबद्दल पुढे लिहिते. पण नवीन मुलांना मी आता हेच सांगते की समितीच्या या प्रश्नाने घाबरायचं नाही. यादी लागतेच, तिच्याशिवाय पुढचं काहीच उभं राहत नाही. मात्र यादी करता करता डोळे उघडे ठेवायचे.

वाचन तेव्हा जोरात सुरू होतं. २०१६ साली आयपीबीईएस या आंतरशासकीय मंचाचा परागवाहकांवरचा अहवाल आला होता. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक पिकं कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांनी होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून असतात, हा त्यातला आकडा. ब्रिटनमध्ये कॅथरीन बाल्डॉक आणि सहकाऱ्यांनी ब्रिस्टल, रेडिंग, लीड्स आणि एडिंबरा या चार शहरांत केलेलं काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. घरांच्या बागा आणि नागरिकांना भाजीपाल्यासाठी वाटून दिलेले जमिनीचे तुकडे परागवाहकांसाठी किती मोलाचे आहेत, हे त्यात दिसलं होतं. पण मला हलवलं ते आपल्याकडच्या कामाने. बंगळुरूत गीता थिम्मेगौडा, शॅनन ऑल्सन आणि सहकाऱ्यांनी आग्या माश्यांवर हवेच्या प्रदूषणाचा परिणाम अभ्यासला. शहराच्या वेगवेगळ्या भागांतून माश्या पकडल्या. मध्यम आणि जास्त प्रदूषित भागांतल्या ८० टक्क्यांहून अधिक माश्या पकडल्यापासून २४ तासांच्या आत मेल्या. हा निबंध २०२० साली आला. तो वाचल्यावर वाहनांनी गजबजलेल्या द्वारका चौकातून जाताना माझी नजर आपोआप वर, आग्या मोहोळं शोधायला जायला लागली.

आता जागांची निवड. शहराच्या मधोमध जुनं गावठाण, तिथून कॉलेज रोड, गंगापूर रोडचा सोसायट्यांचा पट्टा, मग मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव इथली विरळ वस्ती आणि शेवटी द्राक्षबागा. काँक्रीट कमी होत जाणारी अशी उतरंड मला हवी होती. उपग्रहाच्या चित्रांवरून प्रत्येक जागेभोवती ५०० मीटरच्या वर्तुळात किती जमीन झाकलेली आहे हे संगणकावर मोजलं. ५०० मीटरच का, तर लहान एकांडी माशी घरट्यापासून काहीशे मीटरच्या पलीकडे फारशी जात नाही. अंगाने जितकी मोठी तितकी तिची भरारी लांब, आणि आग्या तर काही किलोमीटर सहज जाते. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याचा परिसर, देवळालीची लष्करी हद्द आणि ओझरचा एचएएल या विमान कारखान्याचा भाग मी नकाशावरूनच काढून टाकला. तिथे जाळं घेऊन फिरण्यात अर्थ नव्हता.

परवानग्यांचं काम पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं. महापालिकेच्या उद्यानांसाठी एक पत्र, सोसायट्यांच्या सेक्रेटरींसाठी दुसरं, देवस्थानाच्या विश्वस्तांसाठी तिसरं, कारखान्याच्या आवारासाठी चौथं. वनजमिनीसाठी वनखात्याची रीतसर परवानगी, ती वेगळीच. सगळ्यांना कॉलेजचं लेटरहेड आणि गोल शिक्का लागतो. एका कार्यालयात मला सांगितलं, "तुम्ही फुलपाखरं विकणार नाही हे लिहून द्या." दिलं लिहून. पत्राची एक प्रत कायम पिशवीत असावी, आणि दुसरी मोबाइलमध्ये.

माश्या गोळा करायच्या दोन पद्धती वापरल्या. एक, ठरावीक अंतर ठरावीक वेळात चालत जाऊन फुलावर बसलेला प्रत्येक कीटक नोंदायचा, आणि जागेवर ओळख पटत नसेल तो जाळ्यात घ्यायचा. दुसरी, पिवळ्या, निळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या उथळ वाट्या. त्यात पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब. रंगाला भुलून माशी येते आणि साबणामुळे पाण्याचा ताण मोडलेला असल्याने बुडते. परदेशातल्या निबंधांमध्ये हे दोन ओळींत आटोपलेलं असतं. आपल्याकडे तिठ्यावर, झाडाखाली, रंगीत वाट्यांत पाणी ठेवलेलं दिसलं की लोक काय समजतात ते सांगायला नको. पंचवटीत एका सोसायटीचे वॉचमन काका लांबूनच म्हणाले, "ताई, हे उताऱ्याचं काही असेल तर आमच्या गेटपुढे नका ठेवू हो. लहान लेकरं आहेत इथे." मी त्यांना वाटीजवळ बोलावलं, आत पडलेली माशी भिंगातून दाखवली, पत्र दाखवलं. त्यानंतर प्रत्येक वाटीशेजारी मराठीत चिठ्ठी लावायला लागले: परागीभवन करणाऱ्या कीटकांचा अभ्यास सुरू आहे, कृपया हलवू नये. खाली कॉलेजचं नाव. वॉचमन काका पुढे स्वतःच वाट्यांवर लक्ष ठेवायचे, कुत्र्यांना हाकलायचे आणि मला सांगायचे, "आज निळ्या वाटीला गर्दी आहे."

दोन्ही पद्धती लागतात, हे नीट समजून घ्यायला हवं. वाट्यांमध्ये बारीक माश्या भरपूर सापडतात, पण मोठा काळा भुंगा किंवा आग्या सहसा येत नाही. नुसत्या वाट्यांवर विसंबून काढलेला निष्कर्ष म्हणजे शहराचं अर्धं चित्र. आणि वाट्या लागोपाठ ठेवत राहणंही बरं नाही, त्यात माश्या मरतात. मी वाट्या ठरलेल्या महिन्यांतच ठेवल्या आणि बाकी वेळ नुसती चालत मोजत राहिले. माश्यांसाठी काम करणाऱ्याने किती माश्या मारायच्या, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःशी सोडवायचा असतो. ओळख पटवायला जेवढी गरज तेवढ्याच घ्यायच्या, एवढं माझं उत्तर.

नाशिकच्या ऋतूंनी कामाचं वेळापत्रक ठरवलं. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे चांगलाच गारठा असतो, दहा वाजेपर्यंत फुलांवर शुकशुकाट. उन्हाळ्यात उलटं. सकाळी लवकर आणि संध्याकाळी वर्दळ, मधल्या रखरखीत वेळात माश्याही सावली धरतात. एप्रिल-मे मात्र बहाव्यासाठी राखून ठेवलेला. फुललेल्या बहाव्याखाली उभं राहिलं की मोठ्या काळ्या भुंग्यांचा आवाज येतो, आणि तो आवाज एकसारखा नसतो. उडतानाचा वेगळा आणि फुलाला धरून अंग थरथरवतानाचा वेगळा, टिपेचा. बहाव्याच्या फुलात मधुरस नसतो. परागकोशांना बारीक छिद्रं असतात आणि पराग बाहेर काढायला फूल हलवावं लागतं. भुंगा पंख न हलवता नुसते उडायचे स्नायू थरथरवतो आणि पराग त्याच्या अंगावर उधळतो. टोमॅटो आणि वांग्याची फुलंही याच जातकुळीतली. आपल्या मध देणाऱ्या माश्यांना ही युक्ती जमत नाही. पिंपळगावच्या टोमॅटोचं मोल ज्यांना कळतं त्यांनी बांधावरच्या भुंग्यांचंही मोल करायला हवं.

एका संध्याकाळी पाथर्डी फाट्याच्या बाजूला काम संपवून निघताना वाळक्या गवताच्या काड्यांवर काही लोंबताना दिसलं. वाकून बघितलं. निळ्या पट्ट्यांच्या माश्यांचे नर. प्रत्येकाने जबड्याने काडी घट्ट चावून धरलेली, सगळे पाय पोटाशी घेतलेले, नुसत्या जबड्याच्या पकडीवर अंग आडवं तोललेलं. असेच ते झोपतात. मादी बिळात असते, नराला घर नसतं, म्हणून रोज संध्याकाळी तो ठरावीक काड्यांवर येतो आणि शेजारी शेजारी जागा पकडतो. उशिरा आलेला एक नर जागा शोधत काडीवरून चालत गेला तेव्हा झोपलेल्यांनी फक्त एक पाय उचलून त्याला दूर लोटलं, जबडा कोणी सोडला नाही. अंधार पडेपर्यंत मी तिथे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच काडी, तीच रांग. पुढे त्या प्लॉटवर जेसीबी आला, गवत गेलं, जमिनीवर मुरूम पडला आणि पेव्हर ब्लॉक बसले. समितीतल्या सरांच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर मला तिथे मिळालं.

शहरातल्या माश्यांना फुलं कमी पडतात असं आपण धरून चालतो आणि म्हणून फुलझाडं लावतो. लावावीतच. पण बहुतांश एकांड्या माश्या जमिनीत बिळं करतात. त्यांना उघडी, न तुडवलेली, ऊन लागणारी माती लागते. मग मी माझ्या नोंदी दोन गटांत पाडल्या: मातीत घर करणाऱ्या आणि लाकडातल्या, भिंतीतल्या, पोकळ काड्यांतल्या भोकांत घर करणाऱ्या. काँक्रीटची उतरंड चढत जावं तसा पहिला गट विरळ होत गेला आणि दुसऱ्या गटाने बऱ्यापैकी तग धरला. इतर देशांतल्या शहरांतही असाच कल नोंदलेला आहे, त्यामुळे निकालाने मी चकित झाले नाही. पण जुन्या नाशकात एक वेगळीच गोष्ट सापडली. गावठाणातल्या पडक्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती. जमिनीवर इंचभर माती नाही अशा गल्लीत, त्या भिंतींच्या उन्हाकडच्या अंगाला, मातीत घर करणाऱ्या माश्यांची बिळं होती. वाडे पडतायत, त्या जागी आरसीसी इमारती येतायत, आणि तिथे राहणाऱ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न असताना भिंती जपा असं मी म्हणणार नाही. महापालिकेच्या उद्यानांत मात्र प्रत्येक मोकळा कोपरा फरशीने झाकायची गरज नसते, हे मी जिथे संधी मिळेल तिथे मांडत आले आहे.

भोकांत राहणाऱ्यांपैकी एक आमच्या कुंडीतच भेटली. आईने लावलेल्या गुलाबाच्या पानांना कडेने गोल गोल कापे दिसायचे. आई अळी समजून औषध मारायला निघाली होती. मी तिला थोडा वेळ बसवून ठेवलं. पान कापणारी माशी आली, पानाच्या कडेला उभी राहिली, जबड्याने कात्री चालवल्यागत गोल फिरत गेली आणि सुटलेला तुकडा पोटाखाली धरून उडाली. ती गेली थेट गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीच्या पोकळ टोकात. आत अशा तुकड्यांचे विड्यासारखे गुंडाळलेले कप्पे असतात, एकामागे एक. आईने औषधाची बाटली ठेवून दिली आणि आता शेजारणींना तीच समजावते.

रानातलं काम लोकांना दिसतं. या क्षेत्रातलं खरं काम मात्र टेबलावर असतं. आणलेली माशी ताठ होण्याआधी सुईवर लावायची, सुई पाठीच्या मध्यरेषेच्या किंचित उजवीकडून घालायची म्हणजे डावी बाजू शाबूत राहते. खाली बारीक चिठ्ठी: ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणी पकडली, कोणत्या फुलावर. नाव मागाहून पटवता येतं, चिठ्ठी नसेल तर नमुन्याचा शास्त्राला उपयोग नाही. पावसाळ्यात पेट्यांना बुरशी धरते, मुंग्या लागतात, त्यासाठी डांबरगोळ्या आणि सिलिका. आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ओळख. शृंगिकेचे, म्हणजे डोक्यावरच्या मिशीचे, खंड मोजायचे: मादीला १२, नराला १३. पुढच्या पंखातल्या शिरांनी पडलेले कप्पे दोन की तीन. पराग गोळा करायचे केस मागच्या पायावर की पोटाखाली. फुलमाशी मधमाशीसारखी दिसते, पण तिला पंखांची एकच जोडी असते, हे तर पहिल्या आठवड्यात शिकायचं. भारतातल्या मधमाश्यांसाठी चार्ल्स बिंगहॅमचा १८९७ सालचा खंड आजही उघडावा लागतो. त्यानंतर नावं बदलली, गट बदलले, म्हणून नवे निबंध शेजारी ठेवूनच तो वाचायचा. बारीक माश्यांमध्ये कित्येक वेळा प्रजातीपर्यंत, म्हणजे जातीच्या वरच्या गटापर्यंत (जीनस), पोचून थांबावं लागतं. तिथे थांबायचा प्रामाणिकपणा ठेवावा. ओढूनताणून जातीचं नाव लिहिलं की पुढची वीस वर्षं लोक ते नाव उचलत राहतात.

यासाठी मी पुण्याला खूप खेपा घातल्या. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथल्या संग्रहाशी आपले नमुने ताडून बघता येतात. शिवाजीनगरला केंद्रीय मधमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, मधपाळणाची बाजू समजून घ्यायला ती उत्तम जागा. अडलेल्या जातींसाठी डीएनए बारकोडिंग होतं, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या क्रमावरून जात ओळखणं, पण त्यातही एक मेख आहे. मिळालेला क्रम ताडून बघायला कोणीतरी आधी नीट ओळखलेली माशी डेटाबेसमध्ये टाकलेली असावी लागते. म्हणजे शेवटी पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशीच येतो आपण.

मला विचाराल तर या क्षेत्रात पुढे जायचं असेल तर एक गट, एकच, असा शिकावा की राज्यातून कोणीही अडलं तर तुमच्याकडे पेटी पाठवेल. संख्याशास्त्र शिकावंच लागतं, आर ही आकडेमोडीची संगणकभाषा शिकावी लागते, नकाशे शिकावे लागतात. पण हे येणारी मुलं बरीच आहेत. माश्या ओळखणारी फार थोडी. मला पहिला प्रकल्प मिळाला तो याच एका कौशल्यावर. प्रबंध, साहित्यचौर्याची तपासणी, तोंडी परीक्षा हे सगळं यथासांग पार पडतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीसाठी शोधनिबंधाची सक्ती राहिलेली नाही, तरी दोन चांगले निबंध असावेत. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नये. तिथलं नाव पुढे मुलाखतीत अंगाशी येतं.

नोकऱ्यांचं चित्र जसं आहे तसं सांगते. महाविद्यालयांत कायम जागा कमी निघतात आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं घासलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. प्रकल्पांवरच्या जागा दोन-तीन वर्षांच्या असतात. कृषीकडून येणाऱ्यांना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारखी वाट आहे. मधमाश्या आणि परागवाहकांवर अखिल भारतीय समन्वित प्रकल्पही चालतो. जैवविविधता कायदा २००२ सालचा, त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करावी लागते. या नोंदवह्यांत पक्षी आणि झाडं येतात, कीटक बहुधा अर्ध्या पानात आटोपतात. तिथे आमच्यासारख्यांना काम आहे आणि ते मागून घ्यायला हवं. बियाणे कंपन्यांना परागीभवन समजणारी माणसं लागतात. सल्लागार संस्थांच्या सर्वेक्षणात पैसे बरे, पण घाईच्या मुदतीत कसले कीटक मोजणार. मी अशी कामं निवडूनच घेते.

एक काम मात्र पगाराशिवाय कायमचं मागे लागलंय, आग्या मोहोळांचे फोन. "मॅडम, टेरेसखाली पोळं आहे, काढून द्या." मी आधी विचारते, कितव्या मजल्यावर, खाली वर्दळ आहे का, कोणी दगड-धूर काही केलंय का. आग्या माश्या हंगामी असतात, काही महिन्यांनी स्वतःहून मोहोळ सोडून जातात. उंचावर असेल आणि कोणी छेडत नसेल तर तेवढे दिवस थांबा, खाली पाटी लावा, रात्री त्या बाजूचा मोठा दिवा बंद ठेवा, असं सांगते. शाळेच्या दारावर किंवा दवाखान्याच्या जिन्यात असेल तर मात्र जाणकार माणूस बोलवायलाच हवा, तिथे मी माश्यांची बाजू घेत नाही. गंगापूर रोडच्या एका सोसायटीत थांबायचं ठरलं, मोहोळ उठून गेलं, आणि पुढच्या वर्षी तिथल्याच एका आजोबांनी फोन केला, "आल्या बरं का परत, आम्ही पाटी काढून ठेवलीच होती, लावली."

सध्या मी शहराच्या कडेला सरकलेय. निफाड-येवल्याकडे कांद्याचं बी धरतात, म्हणजे कांदे पुन्हा लावून त्यांना डोंगळे येऊ देतात. फेब्रुवारीत ते पांढरे गोंडे फुलले की शेतावर नजर ठरत नाही. कांद्याच्या एकेका फुलातला पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे बी धरायला कीटकाची ये-जा हवीच. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त, म्हणून माश्या जवळपास दुसरं फूल मिळालं तर तिकडे वळतात. फुलोरी, सातेरी, फुलमाश्या आणि एकांड्या असा सगळा मेळा लागतो. फुलकिडे (थ्रिप्स) ही कीड मारायला ऐन फुलोऱ्यात फवारणी झाली की तो मेळा पांगतो आणि बी पोकळ राहतं. शेतकरी हे जाणतात. "औषध मारलं तर माशी जाते, नाही मारलं तर गोंडा जातो, तुम्हीच सांगा ताई," असं एक दादा म्हणाले. आता आम्ही त्यांच्यासोबत फवारणीची वेळ संध्याकाळी उशिरा नेऊन बघतोय, आणि काही बांध नांगरायचे सोडलेत, म्हणजे मातीतली बिळं शाबूत राहतील. या हंगामात वाट्यांऐवजी फक्त चालत मोजणी आहे. मोजायला माणसं कमी पडतायत. ज्यांची एमएस्सी झालीय आणि ज्यांना सकाळी नऊ ते बारा शेतात उभं राहायची तयारी आहे, त्यांना आम्ही ओळख पटवायला शिकवतो.